सात इंचांची पायरी

रविवार संध्याकाळ, नेरूळ

आमच्या चर्चमधला क्रूस, व्यासपीठ, सगळे बाक माझ्या हातचे. कुणी शिकवलं नाही, तरी एक खिळा दिसणार नाही. आज उपासनेनंतर व्हीलचेअरवरच्या सुमतीमावशी दाराबाहेरून हसत म्हणाल्या, "दादा, क्रूस झकास झालाय हो. इथनं अर्धाच दिसतो."

अर्धाच. पायरीमुळे त्या बाहेर बसतात, उचलून नेलेलं त्यांना आवडत नाही. आणि मी आत बाकांना पॉलिश मारत बसलो! ह्याला विश्वास म्हणायचं? पायरी सात इंच, इंचाला एक फूट धरला तर व्हीलचेअरसाठी उतार सात फूट तरी हवा. नाताळच्या आत तेवढंच एक काम होईल.

अर्धा क्रूस डोळ्यांपुढून हलत नाही. पनवेलच्या चर्चलाही नाताळसाठी कोरीव व्यासपीठ हवं होतं. मघाशी फोनवर नाही म्हणालो. हा नकारही मिरवायलाच नाही ना? चाळीस हजार देत होते.