प्रदीपभाऊंच्या खिशातला नट

२ डिसेंबर, सोमवार
काल लिहिलं की माझ्या आधीचे मिस्त्री प्रदीपभाऊ काम सोडून गेले. ते चूक आहे. मला तसंच सांगितलं होतं. ते इथेच वारले, इथल्या विमानाच्या पुढच्या पंख्याने.
तरी जागा छान आहे. उर्स्याच्या पुढे माळावर शेड, आत सत्तर वर्षांचं पिवळं, दोन माणसांचं विमान. त्याचा स्टार्टर आणि डायनॅमो आता माझ्या ताब्यात! पप्पांनी सोमाटणे फाट्यावर ट्रकचे स्टार्टर खोलता खोलता मला शिकवलं. पहिला नियम असा: बॅटरीची तार काढायची आणि तिचा नट स्वतःच्या खिशात ठेवायचा. मगच हात लावायचा, म्हणजे कुणी चुकून स्टार्टर फिरवू शकत नाही.

४ डिसेंबर
झाडलोट करणाऱ्या कस्तुराबाई या प्रदीपभाऊंच्या आई. मी पंख्यापुढे उभी राहिले की झाडू आपटतात. आज म्हणाल्या, "लय शिकलीस व्हय गं? मंग त्येच्या म्होरं कशाला मरतीस?" मग शेडच्या रजिस्टरमधली प्रदीपभाऊंच्या अपघाताची नोंद वाचून दाखवायला लावलं. 'बॅटरीची तार न काढता काम केले. स्वतःचा निष्काळजीपणा.' खाली मालक स्वराज सरांची सही.
कस्तुरामावशी म्हणाल्या, हे खोटं आहे. दवाखान्यातून कपडे मिळाले तेव्हा खिशात नट होता. तो त्यांनी डब्यात जपून ठेवलाय.

६ डिसेंबर
बॅटरी सीटच्या मागे असते. टर्मिनलवर जळल्याचा डाग दिसला. नट आवळलेला असता तर असा डाग पडला नसता. कुणीतरी तार नुसती टेकवली आणि स्टार्टर दाबला. भाऊ पुढे असताना.
सरांना विचारलं. म्हणाले, जुनं उकरू नकोस, पंधराला पाहुणे विमान बघायला येणार आहेत.

९ डिसेंबर
तार काढली, नट खिशात टाकला. तीनदा चाचपून पाहिला. एकच होता.
संध्याकाळी दोन निघाले. दुसरा काळवंडलेला. मावशींचा डबा रिकामा होता. त्या मला चोर म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "त्येनंच आनला आसंल." मी तो परत दिला. त्यांनी डब्याला कुलूप लावलं.

११ डिसेंबर
पंख्याचं पातं पुसत होते. माझा नट खिशात. स्टार्टर ओरडला. पातं कानाला घासून थांबलं.
सर विमानात बसले होते. हसत. "अगं, घाई आहे ना, बघत होतो चालतंय का." तार टर्मिनलवर नुसती टेकवलेली.
स्टार्टर खोलला. आतल्या दातेरी चाकात मावशींचा काळा नट अडकलेला, त्यानेच पातं थांबवलं होतं. गरम.

१२ डिसेंबर
डब्याचं कुलूप तसंच. डबा रिकामा.
सरांना म्हटलं, रजिस्टरमध्ये खरं लिहा. म्हणाले, ट्रकवाल्याच्या पोरीने मला शिकवू नये.

१३ डिसेंबर
बॅटरी काढून बाकावर ठेवलेली. तार मोकळी. आत कुणी नाही. तरी स्टार्टर —
पातं फिरलं. सरांच्या खुर्चीकडे टोक करून थांबलं. मावशी म्हणाल्या, "आता घाई कर, बाय. त्यो थांबायचा न्हाई."

१४ डिसेंबर
घाबरत नाही. खोटं. घाबरते. पण —
सरांना पंख्यापुढे उभं करणार. बॅटरी बाकावर, काळा नट त्यांच्याच खिशात. मग विचारणार, तार कुणी टेकवली? खोटं बोलले तर पंखा कोण फिरवतं, ते त्यांनाही कळेल. उत्तर रजिस्टरमध्ये लिहून घेणार. सगळ्या पाहुण्यांसमोर. उद्या, रविवार, १५ डिसेंबर, सकाळी.