दोन सालांमधली रेघ

प्रिय धाकल्या,

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, मीटिंग आहे म्हणतोस आणि ठेवतोस. म्हणून लिहितेय. माझी शाळा सातवीतच सुटली, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

छातीचं ऑपरेशन नीट झालं म्हणे. बरं झालं. तुझ्या बायकोने सांगितलं, तू आता पथ्याचं खातोस आणि सगळी कामं आधीच उरकून ठेवायच्या मागे लागलायस. इकडे माझा खांदा दुखतो, पण छिन्नी धरता येते. बाबांच्या शेडचं छप्पर बदललं. तुझ्या वेळचा तो मोडका स्टूल अजून आहे. त्याच्यावर बसून तू खडूने थडग्याच्या दगडावर अक्षरं आखायचास आणि आई येऊन मोठ्याने वाचायची, एकेका खुणेवर बोट ठेवून. तिने वाचल्याशिवाय बाबा छिन्नी लावायचे नाहीत. जन्माचं साल, मग रेघ, मग मरणाचं साल. रेघ आखूड झाली की तुझा कान धरायची. घाई कसली होती रे, गाडी सुटत होती का, म्हणायची. मला हसू यायचं.

आणि तिच्याच दगडाला तू काय केलंस?

आई गेली तेव्हा मी खडू घेऊन बसले होते. तू म्हणालास, हाताचं काम वाकडंतिकडं दिसतं, आता मशीनने करतात. तुझ्या ऑफिसातल्या पोराने कॉम्प्युटरवर मजकूर केला. दगड बसला आणि दोन सालांच्या मध्ये रेघेच्या जागी रिकामा चौकोन. मी त्या मशीनवाल्याच्या उरावर जाऊन बसले. तो म्हणाला, मावशी, कॉम्प्युटरला रेघ दिसत नाही, प्रत्येक खुणेचा एक नंबर असतो, तो नंबर तेवढा कळतो. टायपायच्या बटणावर असते ती छोटी रेघ वेगळी, सालांमध्ये घालतात ती लांब रेघ वेगळी, दोघींचे नंबर वेगळे. तुमच्या भावाने लांबवाली पाठवली. माझ्या मशीनमधल्या अक्षरांत तो नंबरच नाही, मग मशीन चौकोन काढतं. मला दिसला होता, छोटी रेघ घालू का म्हणून विचारलंही. साहेब म्हणाले, फाइलला हात लावायचा नाही. मोबाइलवर फोटो पाठवला तर उत्तरात नुसतं अंगठ्याचं चित्र आलं, चालेल म्हणून.

अंगठा पाठवलास तू. वाचलं नाहीस. आईचा दगड, आणि वाचला नाहीस.

बदलू या म्हणून मी किती मागे लागले. जागा तुझ्या नावावर, दफनभूमीच्या ऑफिसला तुझीच सही लागते. तू म्हणालास, "एवढीशी रेघ ती ताई, कोण बघतंय?" मी बघते. दर आठवड्याला जाते, पुसते, आणि तो चौकोन माझ्याकडे बघतो.

आता गेल्या महिन्यात तुझा ड्रायव्हर दगड आणि तुझा निरोप घेऊन आला. आईच्या शेजारी तुझा दगड आत्ताच बसवून ठेवायचा, नाव आणि जन्मसाल कोरायचं, पुढे रेघ, बाकी जागा मोकळी. मशीनवाला दुकान बंद करून गेला, तेव्हा ताईचा हात आठवला तुला. बसवायच्या कागदावर तुझी सही तयारच होती.

काम झालंय, काल बसवला. नाव सुरेख आलंय, असं काम माझ्या हातून बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं. साल झालं की पुढे चौकोन आहे. आईच्या दगडावरून दोरीने माप घेतलं, चारी कोपरे तिच्यासारखेच. मशीनचा नाही, हाताचा आहे, मुद्दाम केलाय. एवढीशी खूण ती, कोण बघतंय? पण तुला बघवणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून हे पत्र. सोबत दफनभूमीचा कागद जोडलाय, आईचा दगड बदलायचा. सही करून पाठव. तिचा चौकोन गेला की दुसऱ्या दिवशी तुझा घासून तिथे रेघ कोरते. नाही पाठवलीस तर दोघं शेजारी शेजारी राहू देत.

औषधं वेळेवर घे.

तुझीच, पण आधी आईची,
ताई