घंगाळातला कटला

७ नोव्हेंबर १९७६, रविवार
दिवाळी संपली. आजपासून नियमित डायरी. विषय एकच : कटला मासा. ही वही दुकानात, तुरीच्या पोत्यांमागे राहील. घरी न्यायची नाही.

संकल्प : संक्रांतीच्या आत कासीमच्या फळ्यावर माझं नाव लागलं पाहिजे.

फळा म्हणजे सात रस्ता चौकातल्या कासीम भंगारवाल्याच्या दुकानातला. कुठल्यातरी शाळेचा मोडका फळा आहे. त्यावर ऑइलपेंटने एकच ओळ : ‘हिप्परगा तलाव. इमामसाब टांगेवाले. कटला, ११ किलो. १९६८.’ आठ वर्षं ती ओळ एकटीच आहे. गळ टाकणारे आम्ही सगळे संध्याकाळी तिथे चहाला जमतो आणि मला नेमकी त्या फळ्याखालचीच जागा मिळते. बावन्न वर्षांचा झालो. भुसारात तीस वर्षं गेली. माझं नाव कुठेच लिहिलेलं नाही. दुकानाच्या पाटीवरसुद्धा थोरल्या भावाचं, धोंडप्पाचं आहे.

आज हिप्परग्यावर सहा ते अकरा. एक कासव. सोडलं.

९ नोव्हेंबर, मंगळवार
लिंगायताने मासे धरावेत का? कुणी विचारलेलं नाही, पण उत्तर तयार असलेलं बरं. मी मासा खात नाही. मारत नाही. धरतो आणि सोडतो. गांडूळसुद्धा लावत नाही, कणकेची गोळी लावतो. म्हणजे बघायला गेलं तर मी माशांना खाऊच घालतो. आत गळ असतो, एवढंच.

कमलम्माला गळाचं सांगितलेलं नाही. तिला वाटतं, नवरा दर रविवारी माशांना कणीक घालून पुण्य मिळवतो. पहाटे आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून ती कणीक मळून देते. तिने शेजारच्या नागव्वाला सांगितलं, नागव्वाने मठात. परवा मठातले स्वामी सगळ्यांसमोर म्हणाले, मुक्या जिवांची सेवा करावी तर वीरभद्रप्पांसारखी. मी मान खाली घातली. विनयाने.

रॉड आणि रीळ इमामसाबच्या तबेल्यात असतात.

१४ नोव्हेंबर, रविवार
नवीन टेक्निक. कणकेत हिंग आणि थोडी शेंगाचटणी. कमलम्माने विचारलं, माशास्नी चटणी कशाला? मी म्हणालो, सोलापूरचे मासे आहेत. तिला लगेच पटलं. व्हय की, अळणी कसं खातील बिचारे, म्हणाली, आणि एक मूठ जास्तच घातली.

रिझल्ट : बोटाएवढे दोन. त्यातला एक इमामसाबच्या गळाला.

इमामसाब म्हणाला, शेठ, मच्छी कू चटणी नक्को, धीरज होना. धीरज हा शब्द मला तो दर रविवारी ऐकवतो. अकरा किलोवाल्याला बोलायला काय जातंय.

१६ नोव्हेंबर, मंगळवार
एक अडचण. कासीमचा नियम आहे : मासा त्याच्याच काट्यावर, दोन साक्षीदारांसमोर तोलायचा. माझ्या दुकानात चांगला तपासलेला काटा आहे, पण स्वतःच्या काट्यावर तोललेलं चालत नाही म्हणे. बाकीचे लोक मासा मारून पिशवीतून आणतात. मला तो जिवंत न्यायचा आणि जिवंत परत सोडायचा आहे.

उपाय सुचला. घंगाळ! घरात तांब्याचं मोठं घंगाळ आहे. कमलम्माच्या माहेरचं, अक्कलकोटहून लग्नात आलेलं. पाण्यात मासा, घंगाळात पाणी, टांग्यात घंगाळ.

तिला म्हणालो, हिप्परग्याचं पाणी गुडघेदुखीला चांगलं असतं, तुझ्यासाठी भरून आणतो. तिने मग दुपारच्या जेवणाला गव्हाची गोड हुग्गी केली, वर तूप. थोडं वाईट वाटलं. दोनदा वाढून घेतली.

२१ नोव्हेंबर, रविवार
घंगाळ नेलं. काहीच लागलं नाही. पाणी भरून आणलं. कमलम्माने गुडघे शेकले. संध्याकाळी म्हणाली, लई हलकं वाटतंय. म्हणजे मी खोटं बोललो असंही आता म्हणता येणार नाही.

२८ नोव्हेंबर, रविवार. दुपारी ३
लागला!

सकाळी साडेआठला रीळ किंचाळलं. वीस मिनिटं झुंज. मी सोडलं असतं तर तो दोरीसकट पार तुळजापूरला गेला असता. शेवटी इमामसाबने कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्याला कवेत घेतला आणि अलगद घंगाळात सोडला. कटलाच! तोंड एवढं मोठं की माझी मूठ आत जाईल. उजव्या ओठाला गळ अडकला होता, तो काढताना थोडं फाटलं. मी त्याची माफी मागितली.

नुसत्या नजरेने पोत्याचं वजन सांगण्यात माझा मार्केट यार्डात लौकिक आहे. अठरा किलो. कमी नाही. इमामसाब म्हणाला, चार होगा, खींच के पाच. माणूस चांगला आहे, पण रेकॉर्ड जाणार म्हटल्यावर नजर अधू होतेच.

टांगा सात रस्त्याला पोचेपर्यंत निम्मं पाणी रस्त्यावर सांडलं. मासा घाबरू नये म्हणून कासीमने बादलीने घंगाळ काठोकाठ भरून दिलं. मग काट्यावर. एकतीस किलो! एवढी गर्दी जमली की पानवालासुद्धा ठेला सोडून आला. कासीमने रंगाचा डबा उघडला, ब्रश बुडवला आणि विचारलं, शेठ, निव्वळ किती लिहू?

तेवढ्यात मासा वर येऊन तोंड उघडायला लागला. मी ओरडलो, लिखापढी नंतर, आधी हा! इमामसाबने घोडा चौखूर उधळला. तलावाच्या काठाला घंगाळ तिरकं केलं आणि माशासकट पाणी ओतून दिलं. हातात धरला असता तर त्याला लागलं असतं. क्षणभर तो माझ्या पायापाशीच थांबला, मग गेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इमामसाबही घोड्याचा लगाम नीट करत बसला, जो नीटच होता.

गुडघ्यांसाठी पाणी भरलं, घरी आलो, जेवलो. निव्वळ वजन उद्या कळवतो असं कासीमला सांगून ठेवलंय. आयुष्यात एवढा आनंद झालेला नाही.

२९ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी दुकानात शिवप्पा हमालाने तुरीचं पोतं काट्यावर टाकलं आणि नेहमीसारखा ओरडला, बारदान वजाऽऽ! माझा पेन तिथेच थांबला.

बारदान. म्हणजे रिकामं पोतं. तीस वर्षं मी त्याचं वजन वजा केल्याशिवाय एक दाणा तोलला नाही. काल बारदान होतं घंगाळ आणि पाणी. घंगाळ घरी आहे. पाणी मी तलावात ओतलं.

अकरा वाजता : घाबरण्याचं कारण नाही. तेच घंगाळ पुन्हा त्याच बादलीने काठोकाठ भरायचं, तोलायचं, एकतिसातून वजा करायचं. उरेल तो मासा. साधं गणित. आपलं डोकं अडचणीतच जास्त चालतं, हे पुन्हा सिद्ध झालं.

३० नोव्हेंबर, मंगळवार
अनर्थ.

रविवारी सात रस्त्याला नागव्वा भाजी घ्यायला आली होती. तिला गर्दीत मासा दिसला नाही. भंगारवाल्याच्या काट्यावर कमलम्माच्या माहेरचं घंगाळ आणि शेजारी मी, एवढंच दिसलं. तिने दोन दिवस कळ काढली आणि आज सांगितलं.

कमलम्मा तडक कासीमच्या दुकानात गेली. कासीम घाबरला. त्याने अल्लाची शपथ घेतली की भाभी, घंगाळ विकलं न्हाई, फक्त मच्छी तोलली. मग त्याने माझं पाच वर्षांचं सगळंच सांगितलं. रॉड, रीळ, तबेला. तो कासवसुद्धा विसरला नाही.

मी घरी आलो तर ती देवघरासमोर बसलेली. मग एवढंच म्हणाली, माज्या हातच्या कणकंत गळ घालत हुता? मी खुलासा तयार ठेवला होता, खाऊ घालतो वगैरे. त्याऐवजी हातपाय धुऊन पाटावर बसलो. तिच्या जागी कुणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं. मला माझी लाज वाटली, हे इथे लिहून ठेवतो.

जेवण वाढताना तिने विचारलं, वजन किती भरलं? मी म्हणालो, बारदान काढायचं राहिलं. ती वाढायची थांबली. म्हणाली, खोटं बोललात ते बोललात. बारदान बी न काढता आलात? हे तिला गळापेक्षा जास्त लागलेलं दिसलं.

१ डिसेंबर, बुधवार
कमलम्मा स्वतः टांग्यात बसून आली. घंगाळाला आता एकटं सोडायचं नाही म्हणाली. कासीमने त्याच बादलीने काठोकाठ भरलं. काट्यावर ठेवलं.

एकतीस किलो.

कासीमने काटा पुसला. पुन्हा ठेवलं. एकतीस. मी म्हणालो, काटा अडकतोय. कासीमला राग आला, त्याने पाच किलोचं वजन ठेवून दाखवलं. बरोबर पाच. इमामसाब घोड्याच्या नालाकडे बघत होता.

टांग्यातून कमलम्मा म्हणाली, अवो, मासा आत असताना तेवढ्या जागंत पानी मावलं नसंल की. आता मासा न्हाय, तितं पानी हाय. काटोकाट म्हंजे काटोकाट.

या हिशेबाने मासा शून्य किलोचा होता. हे शक्य नाही. अर्धं सोलापूर साक्षीला आहे.

शिक्षा जाहीर झाली : रविवार बंद. दर सोमवारी दुकान उघडण्याआधी माशांना कणीक, गळाशिवाय, तिच्या डोळ्यांदेखत. रॉड घरी आणला. त्याने ती परसातल्या शेवग्याच्या शेंगा पाडते. पोच चांगली आहे म्हणाली.

३ डिसेंबर, शुक्रवार
माझं नाव फळ्यावर लागलं!

कासीमचा निरोप आला तसा धावत गेलो. इमामसाबच्या ओळीखाली नवी ओळ, रंग अजून ओला : ‘वीरभद्रप्पा भुसारवाले. घंगाळ, ३१ किलो. १९७६.’

मी हरकत घेतली. इमामसाब म्हणाला, शेठ, दोन बार तोल्या, साक्षीदार भी हैं, इसमें झूट क्या है? चहा घेतला. एक मात्र आहे, कासीमने नाव चांगलं ठळक काढलंय. रस्त्याच्या पलीकडून बघितलं तर फक्त नावच वाचता येतं. मी दोनदा पलीकडे जाऊन खात्री केली.

६ डिसेंबर, सोमवार
पहिला सोमवार. हिप्परग्याचा काठ, थंडी, मी आणि कमलम्मा. ती पायरीवर बसून पाण्यात हात धरून कणीक घालत होती. बारीकसारीक मासे येत होते. मग खालून एक कटला वर आला. उजवा ओठ फाटलेला.

तिच्या हातातून त्याने तीन गोळ्या खाल्ल्या. तिचा हात शेजारी असल्यामुळे आकार नीट दिसत होता. चार किलो. खींच के.

कमलम्माने विचारलं, ह्योच का ओ त्यो?

मी म्हणालो, छे छे. तो याच्या चौपट होता.

तिने शेवटची गोळी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, घाला त्येला. मी तिच्यासारखाच पाण्यात हात धरला. मासा जवळ आला, गोळीपाशी थांबला, माझ्याकडे बघितल्यासारखं केलं आणि वळून तळाला निघून गेला.

कमलम्मा पदर तोंडाला लावून हसत होती. कणीक तीच होती. हिंगही तोच.