खिडकीखालचा कट्टा

६ जानेवारी
एसटी स्टँडवर नव्या स्टँडचं चित्र लावलंय. बाग, वाचनकोपरा, नाटकाला मंच. माणसं सगळी हसतायत — आमच्या स्टँडवर कोण हसतं! कंट्रोलरच्या खिडकीखालचा कट्टा मात्र नाही. गाडीनं पाठवायचे डबे, औषधं लोक ठेवतात कुठं? तिथंच.

९ जानेवारी
सभा झाली. आराखडा काढणारी मृणाली म्हणाली, "काही सूचना?" मी उभी राहिले. "डबे कुठं ठेवायचे?"
"मावशी, जेवायला बाकं आहेत ना."
भागुबाई मासळीच्या टोपलीमागून ओरडली, "अगो पोरी, जेवाया न्हाय! गाडीनं धाडाया!"
सगळे हसले. चित्रातल्या माणसांसारखेच.

१० जानेवारी
वाचनालयातून शहरं कशी वसवावीत याचं पुस्तक आणलं. माणसं आपणहून थांबतात तिथं जागा करा, म्हणे. हे सांगायला तीनशे पानं.

१३ जानेवारी
मृणाली सकाळपासून कट्ट्याशी, वही घेऊन. साडेनऊच्या माणगाव गाडीला अकरा डबे, एक चष्मा, एक इन्सुलिन.
"मावशी, तुमचं काय?"
"काही नाही."
"मग रोज येता कशाला?"
सांगितलं. हे माणगावात मोटारी दुरुस्त करायच्या दुकानात होते. पहिल्या गाडीनं जायचे. तेव्हा बाजारात मासळी आलेली नसते, म्हणून डबा मागून साडेनऊला. अकरा वर्षं. रात्री रिकामा डबा घेऊन यायचे — एकदाही विसळलेला नाही!
मग एक दिवस दुकानातच छातीत कळ येऊन गेले. डबा उतरवून घ्यायला कुणी नव्हतं. दुपारी फोन आला. संध्याकाळच्या गाडीनं डबा आला, भरलेलाच. बांगड्याचं कालवण होतं.
पोरीनं वही मिटली. बरं केलं.

१४ जानेवारी
डबा माळ्यावर आहे. चार वर्षं झाली.

३ फेब्रुवारी
नवं चित्र लागलं. कट्टा आहे! वर पत्रा, शेजारी बाक, बाकावर सावली. कंट्रोलर म्हणाला, "काकू, तुमच्यामुळे हां." मी म्हटलं, माणसं अजून हसतायतच.
मृणाली माणगावात लॉजवर राहते. रोज पनीर खाते म्हणे. समुद्र दीड तासावर आणि पनीर!

५ फेब्रुवारी
माळ्यावरून डबा काढला. राखेनं घासला. बांगडे मिळाले. मृणालीला फोनवर कळवलं आणि साडेनऊला डबा कट्ट्यावर ठेवला. कंडक्टर डब्याकडे बघतच राहिला. "काकू, माणगावात कोण घेणार?"
"येईल एक मुलगी. नाही आली तर..."
 घरी आले. 

५ फेब्रुवारी, संध्याकाळ
डबा परत आला. रिकामा.
विसळलेला नाही.