खाटेखालून गेलेली फक्की

लोहारा, यवतमाळ

प्रिय रुपाली,

सप्रेम जयभीम. अक्षर पाहून हसू नको. चौथीपर्यंतची शाळा, तीही अर्धी म्हशीमागं गेली. फोन केला की तू "बरं आजी, ठेवते" म्हणून मोकळी होते. आणि मले नंबर लावता येत नाही, तो अंकुरच लावून देते आणि मग तिथंच उभा राह्यते, कान टवकारून. म्हणून कागद धरला. शेजारच्या मानीबाईची लेक तुझ्या माहेरच्या गावी, नेरलेच दिली आहे, ती उद्या चालली, तिच्या हाती देते. फोनसारखं हे मधातच बंद करू नको. पूर्ण वाच.

तू माहेरी गेली आणि इकडं माझं डोकं फिरायची पाळी आली. तुझी आणि माझ्या नातवाची फारकत होऊन राह्यली, होऊ द्या. चूक कोणाची ते मी विचारत नाही. तो भुंकते, तू चावते, आणि मधात मी. पण घर वाटताना तरी दोघांनी डोकं वापरावं की नाही? वकिलासमोर बसून ठरवलं म्हणे, समोरची खोली आणि समोरचं दार अंकुरचं, स्वयंपाकघर, मागची खोली आणि गल्लीतलं दार तुझं. बाबासाहेबांचा फोटो समोर, बुद्धाची मूर्ती मागं, तेवढं मात्र न भांडता वाटलं. मग पाण्याची टाकी तुझ्या बाजूले आणि मोटारीचं बटन त्याच्या बाजूले, हे शिकलेल्या दोघांपैकी एकालेही दिसलं नाही?

जायच्या आधीचे तुझे दिवस आठवते ना? नळ येणार आठवड्यातून एखाद्या वेळी, आणि तुम्ही दोघं अबोला धरून बसलेले. तू मागून म्हणे, "आजी, त्यांना सांगा बटन दाबा." तो समोरून म्हणे, "आजी, तिले विचार टाकी भरली का." दोघांच्या मधात हात दीड हाताचं अंतर, आणि सांगावा न्यायले मी, गुडघे धरत धरत. त्या दिवशी टाकी वाहून गल्लीत लोट गेला, तरी कोणी तोंड उघडलं नाही. शेजारची मानीबाई बादल्या भरून घेऊन गेली आणि वरून मलेच म्हणते, असं भांडण रोज होऊ द्या आजी.

बरं, वकील म्हणाला, लेकरू नाही म्हणून वाटणी सोपी आहे. त्याले म्हातारी दिसली नाही. तुम्हालेही दिसली नाही. कूलर कोणाचा, गॅस कोणाचा, तुरीच्या डाळीची कोठी कोणाची, सगळ्यावर बोलणं झालं. परवा रामसिंग मिस्त्री आला आणि त्यानं भिंतीसाठी पांढऱ्या फक्कीची रेघ मारली. रेघ आली ती थेट माझ्या खाटेखालून. डोकं तुझ्या वाट्यात, पाय अंकुरच्या. रामसिंग थांबला, म्हणाला, "आजीची खाट इकडं की तिकडं?" अंकुर मोबाइल पाहत होता. तुझी सासू विमल पांढरकवड्याहून आलेली, ती म्हणाली, "ते पाहू नंतर, तुम्ही रेघ मारा." त्यानं बिचाऱ्यानं वाकून, खाटेखाली हात घालून रेघ पूर्ण केली. मी वर बसलेलीच होती.

हे सांगून तुले रडवायचं नाही. माझं काय, कुठंही पडते. तू मले कधी गोड बोलली नाही, मीही तुले बोलली नाही. मिठावरून भांडलो, मालिकेवरून भांडलो. मी तुझ्या भाजीले नाव ठेवलं, तू माझ्या तंबाखूले. पण गावातलं माझं घर पडलं तेव्हा अंकुर नुसतं "पाहू, पाहू" करत होता आणि तू कंपनीतून सुट्टी काढून टेम्पो घेऊन आली. खाट दोन्ही खोल्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, कूलरच्या तोंडासमोर टाकली आणि म्हणाली, "इथं झोपा, आणि किरकिर करू नका." ते मले चाललं. गोड बोलणारी माणसं मी पुष्कळ पाह्यली.

आता तुझ्यावरचा राग ऐक. जाताना दारात काय म्हणाली तू? "मला काहीच नको आजी, सुटली म्हणजे झालं." काहीच नको कायले? स्लॅब टाकला तेव्हा ड्यूटीवर जायच्या आधी अंधारात उठून त्याच्यावर पाणी कोण मारत होतं, ही विमल की तिचा लेक? अंकुर तर गच्चीवर चढला तो पतंग उडवायले. तुझ्या पगारातून हप्ते गेले, घर दोघांच्या नावावर आहे, कोर्टातही तसंच लिहून झालं. आणि तू पिशवी उचलून अशी निघाली जशी काही पाहुणी होती. मले तेव्हाच तुझ्या पाठीत एक घालावीशी वाटली.

आता जे सांगायचं ते सांगते. काल दुपारी मी डोळे मिटून पडली होती. म्हाताऱ्या माणसाचे डोळे मिटले की लोकं समजतात कानही मिटले. अंकुर रामसिंगले म्हणाला, "इटा सिमेंटात नको लावू, मातीतच लाव. गिलावाही नको. नंतर भिंत काढायचीच आहे." रामसिंग म्हणाला, "मग बांधता कायले?" तेव्हा विमल हसली. म्हणाली, "परत आली तरी एकटी बाई मागच्या खोलीत किती दिवस काढते? गल्लीतली पोरं दार वाजवतील, लोकं बोलतील, आणि बटन तर आपल्याच बाजूले आहे. पावसाळ्याच्या आत नेरले पळते. मग घर आपलंच." माझा नातू इटा मोजत राह्यला.

ते दोघं बाजारात गेले तेव्हा मी उठली. रामसिंगले म्हटलं, धर एक बाजू. खाट फक्कीच्या पलीकडं ओढली, मागच्या खोलीत, गल्लीच्या दाराजवळ. संध्याकाळी अंकुरनं विचारलं, "आजी, हे काहून?" म्हटलं, इकडं हवा चांगली लागते. आता दारात म्हातारी बसलेली असताना कोण पोरगा दार वाजवते ते मी पाहते. माझ्या तोंडाले अख्खी गल्ली भिते, तुले माहीतच आहे.

सोमवारी काम सुरू होते. रविवारी ये. रामसिंगच्या डोक्यावर उभी राहून भिंत सिमेंटात बांधून घे, दोन्हीकडून गिलावा करून घे, आणि वायर ओढून बटन तुझ्या बाजूले घे. आयुष्यात घराच्या मधात भिंत पाहीन असं वाटलं नव्हतं, पण आता पाहायचीच आहे तर पक्की पाहू दे. आणि येताना तंबाखू आण, अंकुरले मागायची नाही मले.

तुझीच,
गल्लीच्या दारात बसलेली
मैनाआजी