तिसऱ्या बेसमागच्या दोन खुर्च्या

मी, बर्नडीन डुडेक, माहेरची झावाकी, कै. रोमन डुडेक यांची पत्नी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा हार्डवेअरचे दुकान, राहणार पोर्ट हॅडली, ओहायो, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. डोके ठिकाणावर आहे. तापलेले आहे, पण ठिकाणावर आहे. ‘तापलेले’ हा शब्द काढावा असे वकील ओस्ट्रँडर यांचे म्हणणे पडले. शब्द राहील.

यापूर्वीची माझी सर्व व्यवस्थापत्रे रद्द समजावीत. त्यात मी भाऊ लेनर्ड झावाकी याच्याबद्दल चार चांगले शब्द लिहिले होते, तेही रद्द समजावेत.

कलम १. राहते घर माझी मुलगी कोरीन हिला द्यावे. ती ते विकणार हे मला माहीत आहे. खुशाल विकावे, पण वरच्या मजल्यावरची खोली मोकळी करताना भिंतीवरचा फळा पुसू नये. तो जसाच्या तसा काढून युडी पोलांको याच्याकडे पाठवावा. त्यावर कोणत्या फलंदाजाला कुठला चेंडू टाकायचा ते त्याने आपल्या हाताने लिहिले आहे.

युडी कोण, हे कोर्टाला सांगणे भाग आहे. हेरन्स हा आमचा बेसबॉलचा संघ. त्यांचा धाकटा संघ आमच्या गावात खेळतो. तिथल्या पोरांना मिळतो तो पगार नव्हे, हातखर्च. म्हणून गावातली माणसे त्यांना उन्हाळाभर आपल्या घरी ठेवून घेतात. युडी दोन उन्हाळे माझ्याकडे होता. डॉमिनिकन पोरगा, डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, एकोणीस वर्षांचा. मला ‘दोन्या बर्नी’, म्हणजे त्यांच्या भाषेत बर्नीबाई, म्हणायचा, स्वतःची ताटली स्वतः धुवायचा आणि माझ्या बटाट्याच्या सुपात न विचारता तिखट घालायचा. त्याच्या हातून सुटलेला चेंडू सरळ यायचा आणि फलंदाजाच्या गुडघ्याशी येऊन खाली बसायचा. असा डावखुरा हेरन्सला माझ्या हयातीत मिळाला नव्हता.

कलम २. दुकान, त्यातला माल आणि नाव कोरीनच्या मर्जीवर सोडते. माझ्या वडिलांची हत्यारे, म्हणजे रंधे, पटाशा आणि नळाचे पाने, गावच्या शाळेच्या सुतारकामाच्या वर्गाला द्यावीत. लेनर्डने नेलेले ड्रिल आधी त्याच्याकडून परत आणावे. तो म्हणेल की दिले. दिलेले नाही.

कलम ३. दुकानाच्या मागच्या खोलीतली लोखंडी शेगडी भंगारात घालावी. वडिलांच्या काळापासून हंगाम संपला की गावातले शहाणे तिच्याभोवती बसतात आणि वसंतापर्यंत नुसत्या तोंडाने संघ चालवतात. कोणाला विकायचे, कोणाला घ्यायचे, कुठल्या पोराच्या दंडात किती दम आहे, सगळे तिथे ठरते. मीही त्या खोलीत पन्नास हिवाळे भांडले आहे आणि मला ते आवडायचे. आता नाही आवडत. शेगडी कोणाला वापरायला देऊ नये.

कलम ४. वेंडेल गुंथर, निवृत्त पोस्टमन, यांना माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये. गेल्या नोव्हेंबरात शेगडीपाशी ते म्हणाले, “पोरंटोरं ठेवून काय लोणचं घालायचंय? युडीला द्या आणि एक मोठा बॅटवाला आणा. आपल्याला यंदा जिंकायचंय.” वेंडेल हे वाक्य दर हिवाळ्यात म्हणतात आणि आम्ही दर उन्हाळ्यात हरतो. माणूस मूर्ख आहे, पण तोंडावर मूर्ख आहे, मागून नाही. त्यांना काही मिळत नसल्यामुळे ते साक्षीदार व्हायला लायक आहेत, असे ओस्ट्रँडर सांगतात. त्यांना बोलावले आहे.

कलम ५. आता लेनर्ड.

ऑगस्टात एका संध्याकाळी लेनर्ड शिडी मागायला माझ्या मागच्या दाराने आला. युडी सामना खेळून आला होता आणि कोपराला बर्फाची पिशवी बांधून जेवत होता. पिचर मंडळी सामन्यानंतर बर्फ लावतात. दुखले तरी लावतात, न दुखले तरी लावतात. शेंबड्या पोराला ठाऊक असलेली गोष्ट. लेनर्डने बघितले, शिडी घेतली, गेला. पोराला विचारले नाही. मलाही विचारले नाही.

नोव्हेंबरात शेगडीपाशी वाद पेटला. लेनर्डचे म्हणणे, युडीला विकावे. मी म्हटले, हा पोरगा पुढच्या वर्षी मोठ्या संघात असेल. सगळे माझ्या बाजूने वळले, वेंडेलसुद्धा. लेनर्डला चारचौघांत हरणे कधी सहन झालेले नाही. घरी जाऊन त्याने रेडिओवरच्या खेळाच्या कार्यक्रमाला फोन लावला. सगळ्या राज्याने ऐकले. मी दुकानात खिळे तोलत ऐकले.

“मी आतला माणूस आहे,” लेनर्ड म्हणाला. “पोरगा माझ्या सख्ख्या बहिणीकडे राहतो. त्याचं कोपर गेलंय. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, बर्फात हात घालून बसलेला असतो. क्लबवाले लपवतायत. गिऱ्हाईक आहे तोवर विका म्हणावं.”

उचलली जीभ, लावली टाळ्याला. दोन दिवसांत ते पेपरात आले. डिसेंबरात हेरन्सने युडीला देऊन टाकले, पार पश्चिम किनाऱ्यावर, आणि बदल्यात छत्तिशीतला एक फलंदाज आणला, ज्याला पहिल्या बेसपर्यंत पळताना दम लागतो. त्याच्या आगमनाचा आनंद म्हणून लेनर्डने शेगडीपाशी डोनट वाटले. मला डबा पुढे करून म्हणाला, “घे गं बर्नी. रुसतेस काय एवढी? धंदा आहे हा, त्यात मन नाही गुंतवायचं.”

नव्या क्लबच्या डॉक्टरांनी कोपर आतून बाहेरून तपासले. काही झालेले नव्हते. युडीने फोन करून सांगितले. “दोन्या, हात एकदम चांगला आहे. पण इथे मी पुन्हा तळापासून. आणि आईला काय सांगू? ती शेजारपाजारी सांगून बसलीय, माझा मुलगा हेरन्सचा सदरा घालणार म्हणून.” मी फोन लवकर ठेवला. मला रडू येत होते आणि ते मला त्याला ऐकवायचे नव्हते.

लेनर्डने माफी मागितली का? नाही. मी विचारले तेव्हा म्हणाला, “बर्फ होता की नव्हता? मग मी खोटं काय बोललो?”

कलम ६. हेरन्सच्या मैदानावर तिसऱ्या बेसमागे, पहिल्या रांगेत, माझ्या नावावर दोन खुर्च्या आहेत. हंगामाची तिकिटे वडिलांनी घेतली, त्यांच्यामागे माझ्याकडे आली, आणि वारसाला देता येतील असे क्लबने लिहून दिले आहे. वडिलांनी त्या मला दिल्या, लेनर्डला नाही, याचा राग तो चाळीस वर्षे उरात घेऊन फिरतो आहे. घर नको, दुकान नको, त्याला त्या खुर्च्या हव्यात. वेंडेलना तो सांगूनही बसला आहे, “बर्नीनंतर माझ्याच. दुसऱ्या कोणाला देईल ती?”

युडीला मी शब्द दिला होता की तो त्या मैदानावर पहिल्यांदा चेंडू टाकेल त्या दिवशी त्याची आई माझ्या शेजारी बसेल. माझ्या हृदयाबद्दल डॉक्टरांचे जे मत आहे, ते पाहता तो दिवस मला दिसणार नाही.

तरीही लेनर्ड माझा भाऊ आहे. लहानपणी वडील दुकानात असत तेव्हा मीच त्याला वाढवले. म्हणून त्या दोन्ही खुर्च्या मी लेनर्ड झावाकी याला देते. हे मी शुद्धीवर राहून लिहिले आहे.

कलम ७. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते, त्यानेच साक्षीदार म्हणून सही केली, तर कायद्याप्रमाणे त्याची देणगी रद्द व्हावी. आमच्या राज्यात दोन साक्षीदार पुरतात. मी वेंडेल आणि लेनर्ड, दोघांना बोलावले आहे. “हे मृत्युपत्र आहे, मिसेस डुडेक, सापळा नव्हे,” असे ओस्ट्रँडर म्हणाले. मी म्हटले, सापळा कसला? सगळे कागदावर ठसठशीत लिहिले आहे. लेनर्डच्या समोर मी हा कागद ठेवीन, त्याचा चष्मा ठेवीन, कॉफी ठेवीन, आणि हवा तेवढा वेळ देईन. त्याने हे वाचले, किंवा न वाचता नुसते एवढे विचारले की “बर्नी, यात काय आहे गं?”, तर त्याच्याऐवजी शेजारच्या लाँड्रीवाल्या मिसेस फिंक यांची सही घेऊ. त्या तयार बसल्या आहेत. मग खुर्च्या लेनर्डच्या, आणि माझी त्याच्यावर काही तक्रार नाही.

कलम ८. देणगी रद्द झाल्यास दोन्ही खुर्च्या युडी पोलांको याची आई मेर्सेदेस पोलांको यांना द्याव्यात. त्यांचा मुलगा आता हेरन्सविरुद्ध चेंडू टाकेल. त्यांनी पहिल्या रांगेत बसून हवे तेवढे ओरडावे. इतर दिवशी त्या खुर्च्या त्यांनी कोणालाही विकाव्यात, फक्त पोर्ट हॅडलीच्या माणसाला विकू नयेत.

कलम ९. अंमलबजावणी ओस्ट्रँडर करतील. माझ्या अंत्यविधीला कोणी हेरन्सची टोपी घालून आल्यास त्याला दारातून परत पाठवावे.

ठिकाण : पोर्ट हॅडली, दुकानाची मागची खोली. दिनांक १९ जानेवारी २०१५.

(सही) बर्नडीन डुडेक

साक्षीदारांपुढे मूळ कागद ठेवला, वाचण्यास सांगितले व पुरेसा वेळ दिला. दोघांनी सहीशेजारी स्वहस्ते शेरा लिहिला आहे. — ओस्ट्रँडर, वकील

साक्षीदार पहिला : वेंडेल गुंथर. पूर्ण वाचले. कलम चार सोडून बाकी सगळे खरे आहे.

साक्षीदार दुसरा : लेनर्ड झावाकी. वाचत बसायची गरज नाही. काय आहे ते मला नुसतं बघून कळतं.