उन्हाळ्यापुरता रस्ता

हार्लो कॉर्नर, व्हरमाँट
९ मार्च

आदरणीय हेस्टरताईंस,

सादर नमस्कार. आपला गुडघा आता आपल्या आज्ञेत असेल, अशी आशा करतो. माझी प्रकृती उत्तम असून मी बर्फात आहे.

आपल्या बहिणीने, माझ्या लॉर्नाने, जूनमध्ये पसंत केलेले हे घर मी तिच्या आजारपणातच विकत घेतले आणि सप्टेंबरात ती गेल्यावर येथे एकटाच राहावयास आलो, हे आपण जाणताच. खरेदीपूर्वी मी विहिरीचे पाणी तपासून घेतले, छपराचा वासा न् वासा ठोकून पाहिला, धुराड्यात डोकेही घातले (टोपी वाया गेली). रस्त्याच्या मधोमध गवत उगवले होते. ते मला रम्य वाटले. ज्या रस्त्यावर गवत उगवते त्यावरून कोणी जात नाही, हा निष्कर्ष तीस वर्षे भूमिती शिकवूनही मला काढता आला नाही.

नोव्हेंबरात गावाचे बर्फ सारणारे यंत्र माझ्या घराच्या दीड मैल अलीकडे, टपालपेट्यांपाशी आले आणि शांतपणे वळून परत गेले. दुसऱ्या खेपेस मी आडवा उभा राहिलो. चालक ऑरिन काच खाली करून म्हणाला, "मास्तर, पुढचा रस्ता उन्हाळ्यापुरता. हिवाळ्यात तो हरणांचा."

"हे आधी सांगायचं नाही का?"

"आधी विचारायचं नाही का?"

(त्याच्या युक्तिवादात मला दोष सापडला नाही.)

परंतु हे घर सोडणे म्हणजे लॉर्नाची निवड चुकीची ठरवणे, आणि ते मला मान्य नव्हते. मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभेत हात वर करून रस्त्यांचा निर्णय होतो. त्या सभेसाठी मी चौदा पानी भाषण सिद्ध केले. सोमवारी दोन फूट बर्फ पडला. मंगळवारी मी पायांना बर्फावरची जाळीची पादत्राणे बांधून निघालो आणि पोहोचलो, तेव्हा सभेनंतरच्या जेवणाची भांडी विसळली जात होती. माझा रस्ता हिवाळ्यातही मोकळा ठेवण्याचा ठराव एकमताने फेटाळला गेला होता.

"त्या रस्त्यावर राहणारा एकुलता एक माणूसच आला नाही," ऑरिन म्हणाला, "तेव्हा आम्हाला वाटलं, मास्तरांची काही अडचण नसेल!"

आपला नम्र,
लायमन थर्स्टन

ता. क. : मला भेटावयास येण्याची तसदी घेऊ नये. बर्फ वितळल्यावर चिखल असतो.

पुन्हा ता. क. : ऑगस्टमध्ये लॉर्नाने अंथरुणातून दोनदा विचारले होते, "हिवाळ्यातल्या रस्त्याची चौकशी केलीस ना रे?" मी दोन्ही वेळा "केली" म्हणालो. आपण तिच्या उशाशी होता. मी खोटे बोलतो आहे, हे आपल्याला उमगले होते. तरीही आपण गप्प राहिलात आणि ती निश्चिंतपणे झोपली. त्याबद्दल आभार मानावयाचे राहून गेले होते. तेव्हा चूक तिच्या निवडीची नव्हे, माझ्या चौकशीची. आपल्याकडील मागची खोली अद्याप रिकामी आहे काय? असल्यास कृपया उलटटपाली कळवावे. मी मे महिन्याच्या मध्यास, चिखल वाळला की, ताबडतोब निघतो.